आज कुठला 'डे' आहे, आणि रात्री जेवायला काय?

तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही न्यू जर्सीत राहता, दोघंही नोकरीला, मुलगी दुसरीत आणि मुलगा पाचवीत. मुलं शाळेतून 'आज नॅशनल अमुक डे' ऐकून येतात आणि रात्री तेच हवं म्हणून मागे लागतात. तुम्ही हौसेनं वर्षभराचं कॅलेंडर छापून फ्रीजवर लावलंत, जानेवारीत थोडे दिवस ते पाळलंतही. आता फ्रीजमध्ये अर्धा कार्टन बटरमिल्क, अर्धा डबा सावर क्रीम आणि दोन-तीन उघडी पाकिटं पडली आहेत आणि तुम्ही दमला आहात. सासू-सासरे मेपर्यंत इथे आहेत, ते अंडं खात नाहीत, सासूबाईंचा गुरुवार असतो, आणि त्यांच्या मते ही सगळी थेरं आहेत. मुलांची गंमत राहावी आणि जेवण सातपर्यंत टेबलावर यावं, एवढंच तुमचं म्हणणं.

मी एडिसनमध्ये स्वयंपाकाचे वर्ग घेते आणि नोकरदार घरांना आठवड्याचा मेनू आखून देते. ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते, पण येते ती पाककृतीची मागणी होऊन: बिनअंड्याचे पॅनकेक सांगा, अर्ध्या तासातली चिली सांगा. तुमच्याकडे पाककृती कमी आहेत असं मला वाटत नाही. संध्याकाळी साडेपाचला बूट काढता काढता 'आता काय करू' हे ठरवायचं बाकी असतं, त्यात माणूस दमतं. कॅलेंडरनं ते ठरवण्याचं ओझं कमी करायला हवं होतं. तुमच्याकडे रोज नवा पदार्थ, नवं सामान आणि नवी पद्धत आली आणि ओझं वाढलं.

म्हणून माझ्या मेनूत मी उलटं करते. त्या आठवड्यात घरात तसंही काय शिजणार आहे ते आधी लिहायचं. उसळ, आमटी, पोळी, भात, कोशिंबीर, जे काही असेल ते. मग कॅलेंडर उघडायचं आणि यातल्या कुठल्या गोष्टीला कुठला दिवस चिकटतोय ते बघायचं. ताटातली एकच वस्तू बदलायची, बाकी ताट रोजचंच. आठवड्यातून एक दिवस, फार तर महिन्यात चार. त्याहून जास्त केलं की मुलांनाही त्याची किंमत राहत नाही.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. घरी पोचायला साडेपाच होतात की साडेसहा, यानं फार फरक पडतो. सासूबाईंना स्वयंपाकघरात हात लावायला आवडतो की त्यांनी आता सुटी घेतली आहे, हेही तुम्हालाच माहीत. आणि मुलांना खरंच त्या पदार्थात रस आहे की फक्त 'आज काहीतरी आहे' यात? बहुतेक मुलांना दुसऱ्यात असतो, आणि तसं असेल तर तुमचं अर्धं काम हलकं झालं.

आता या दिवसांचा धाक आधी घालवू. 'नॅशनल' शब्द ऐकला की वाटतं सरकारनं काढलेला दिवस आहे. सरकारी म्हणावेत असे थोडेच. अध्यक्ष रेगन यांनी 1984 मध्ये जुलै महिना आइस्क्रीमचा आणि त्यातला तिसरा रविवार आइस्क्रीमचा दिवस म्हणून रीतसर जाहीर केला होता, हे एक ठळक उदाहरण. बाकी बरेचसे उत्पादकांच्या संघटनांनी, कंपन्यांनी किंवा एखाद्या हौशी माणसानं सुरू केलेले. 5 फेब्रुवारीचा न्यूटेला दिवस 2007 मध्ये सारा रोसो या ब्लॉगलेखिकेनं चालू केला. टाको दिवस अनेक वर्षं 4 ऑक्टोबरला असायचा, तो 2024 पासून ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी नेला, कारण मंगळवारी टाको खायची इथे सवयच आहे. म्हणजे ज्यांनी दिवस काढला तेच तो सरकवतात. तुम्ही बुधवारचा मंगळवारी केलात तर कोणी पोलीस येणार नाही.

आणि मुलांनी 'पण आज नाहीये ना' म्हटलं, तर त्यांना सांगा की अमेरिकेच्या संसदेनं 1968 साली कायदा करून अध्यक्षांच्या वाढदिवसासारख्या सुट्या सोमवारी ढकलल्या आणि 1971 पासून ते लागू झालं. पाचवीतल्या मुलाला हा मुद्दा पटतो. पटला नाही तरी तो त्यावर वाद घालत बसतो, तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होतात.

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही, म्हणून समोरच आलेला फेब्रुवारी 2026 घेऊ.

महिन्याची यादी उघडली की पहिल्यांदा गोड, पेयं आणि चघळायचे प्रकार खोडायचे. यादीतला मोठा भाग तिथेच जातो. न्यूटेलाचा दिवस गुरुवारी आहे. शाळेतून आल्यावर पोळीला चमचाभर लावून द्या, संपलं, रात्रीच्या जेवणाशी त्याचा संबंध नाही. मग शनिवार-रविवार बाजूला काढायचे, कारण तुमचा प्रश्न कामाच्या दिवसांचा आहे. मग तळण, आणि ज्याला ओव्हनमध्ये पाऊण तासाच्या वर लागतं ते. शेवटी घरचं पंचांग. 15 फेब्रुवारीला, रविवारी, महाशिवरात्र आहे, त्या दिवशी साबुदाणा आणि वरी असणारच, तिथे दुसरं काही घुसवू नका.

एवढं केल्यावर हातात चार दिवस राहतात. 9 तारखेचा पिझ्झा, 10 तारखेची डाळी-कडधान्यं, 17 तारखेचे पॅनकेक आणि 26 तारखेची चिली.

9 तारीख सोमवार. आदल्या रात्री सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, आहे. तुमच्या घरी नाही तर शेजारी, पण पिझ्झा त्या रात्री कुठे ना कुठे खाल्ला जाणारच. म्हणून हा दिवस मी खोडते. दुसऱ्याच दिवशी 10 तारीख येते आणि ती तर आयतीच मिळते. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे कडधान्यांचं वर्ष साजरं केलं आणि मग 2019 पासून 10 फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिवस ठरवला. आपल्याकडे मंगळवारी मटकीची उसळ होणारच होती. तिला फक्त मुलांसमोर नाव द्यायचं. मटकी रविवारी भिजवून सोमवारी मोड यायला बांधून ठेवली असेल तर मंगळवारी अर्ध्या तासात जेवण. इथल्या थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा बांधलेलं फडकं दिवा चालू ठेवलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन नव्हे हं, फक्त त्यातला दिवा. मुलीला प्रत्येकाच्या ताटात एकूण किती जातींची कडधान्यं आहेत ते मोजायला लावा. सासूबाईंनी आमटीत मूठभर मसूर टाकली की तिचा आकडा वाढतो आणि दोघी खूश.

17 तारखेचा पॅनकेक डे मला या सगळ्यात सर्वांत आवडतो, कारण त्याला खरं कारण आहे. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास सुरू होतो, त्याच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवून टाकायची, म्हणून पॅनकेक. हा मंगळवार ईस्टरच्या 47 दिवस आधी येतो (उपासाच्या चाळीस दिवसांत मधले रविवार धरत नाहीत), म्हणून तारीख बदलते पण वार कधीच बदलत नाही. श्रावण लागायच्या आधी आपल्याकडे गटारीला जे चालतं तेच, फक्त सभ्य! सासऱ्यांना हे सांगून बघा. माझ्या वर्गात हा मुद्दा निघाला की थोरली मंडळी पहिल्यांदा हसतात आणि मग त्या 'थेरां'कडे जरा मायेनं बघायला लागतात.

यंदा योग चांगला आहे. 16 तारखेला, सोमवारी, प्रेसिडेंट्स डेची सुटी. बहुतेक शाळा बंद, अनेक कचेऱ्याही. त्या दिवशी सकाळी तांदूळ, थोडी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजवा, संध्याकाळी वाटून दिव्याच्या ओव्हनमध्ये ठेवा. मंगळवारी संध्याकाळी आंबोळ्या. सुटी नसेल तर वाटणाच्या नादी लागू नका, बेसन आणि तांदळाच्या पिठीची धिरडी करा, त्यात कोथिंबीर, ओवा आणि किसलेलं गाजर. पीठ सैल भिजवून दहा मिनिटं ठेवायचं, की तव्यावर घालायला तयार. शेवटची दोन-दोन धिरडी कणीक आणि गुळाच्या पाण्याची, मुलांच्या ताटात मेपल सिरप, आजीच्या ताटात तूप. तिखट आधी, गोड नंतर; नुसत्या गोड पॅनकेकवर पोरांना झोपवलं की नऊ वाजता पुन्हा भूक लागते, हे इथल्या आयांना वेगळं सांगायला नको. अंड्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बिनअंड्याचा अमेरिकन पॅनकेक करण्याच्या खटपटीत तुम्ही पडूच नका, आपल्याकडे तव्यावरच्या बिनअंड्याच्या प्रकारांची कमतरता नाही.

चिलीचा दिवस फेब्रुवारीतला चौथा गुरुवार, म्हणजे यंदा 26. नेमका सासूबाईंचा गुरुवार. त्या रात्री उपास सोडत असतील तर ताटात कांदा-लसणाचं नको असणार, गोडाचा घास हवा असणार. तेव्हा हा दिवस बुधवारी, 25 ला आणा. चिली म्हणजे काय, तर टोमॅटो, जिरं, लाल तिखट आणि राजमा. टेक्सासचे लोक यावर भांडतील, त्यांच्या चिलीत राजमा नसतोच, फक्त मांस आणि मिरची. पण तुमच्या घरी ती भीती नाही.

इथे जरा थांबते, कारण राजम्याबाबत मला दरवेळी सांगावं लागतं. इंटरनेटवर चिलीच्या अनेक कृती स्लो कुकरच्या असतात, 'सकाळी टाका, संध्याकाळी खा' अशा. कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका. राजम्यात लेक्टिन गटातलं एक विषारी द्रव्य असतं, ते नष्ट व्हायला खळखळून उकळी लागते. स्लो कुकरचं तापमान अनेकदा तिथवर जातच नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो; उलट्या, पोटदुखी, जुलाब. आपली जुनी पद्धतच बरोबर आहे. सकाळी निघताना भरपूर पाण्यात भिजवायचा, संध्याकाळी ते पाणी फेकून द्यायचं, ताज्या पाण्यात कुकरला लावायचा. कुकरच्या तापमानाला तो धोका उरत नाही. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, तो दोनदा धुऊन वापरा, मीठ बरंच कमी होतं.

कुकर पडेपर्यंत कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची परता. राजमा त्यात घाला, जिरेपूड आणि ओरेगॅनो. आता पातेलं दोन करा. मोठ्यात मक्याचे दाणे आणि वरून किसलेलं चीज, ती मुलांची चिली. छोट्यात गोडा मसाला आणि गुळाचा खडा, तो सासू-सासऱ्यांचा राजमा. मुलांना पाव किंवा कॉर्नब्रेड, मोठ्यांना भात. अमेरिकन लोक चिलीबरोबर कॉर्नब्रेड खातात आणि मक्याची भाकरी त्याच पिठाच्या जवळची आहे, कोणाला थापता येत असेल तर तीही चालेल. एक शिजवण, दोन फोडण्या. तीन वेगळ्या माणसांसाठी तीन वेगळी जेवणं करायला लागलात तर कुठलाही दिवस सोपा राहणार नाही, म्हणून दिवस निवडतानाच मी हे बघते, की पदार्थ शेवटच्या पाच मिनिटांत फुटून दोन होऊ शकतो का. होत नसेल, उदाहरणार्थ मॅक अँड चीज, तर तो शनिवारच्या दुपारी मुलांपुरता.

फेब्रुवारी झाला. बाकीच्या वर्षातले सगळे दिवस सांगत बसत नाही, पण तुमच्या घराला शोभतील असे काही सांगते.

12 एप्रिलचा ग्रिल्ड चीजचा दिवस. यंदा रविवारी येतो, तो सोमवारी करा. इथे ग्रिल्ड चीजबरोबर टोमॅटो सूप देतात, ही जोडी इतकी पक्की आहे की एक म्हटलं की दुसरं येतंच. आपल्याकडे टोमॅटोचं सार आहे. टोमॅटो उकडून, गाळून, नारळाचं दूध, जिऱ्याची तुपातली फोडणी, कढीपत्ता, चिमूटभर साखर. मुलं सँडविच त्यात बुडवून खातात, मोठी माणसं तेच सार भातावर घेतात आणि सोबत बटाट्याची काचरी. सँडविच करताना लोणी ब्रेडच्या बाहेरून लावायचं, आच मंद ठेवायची आणि तव्यावर झाकण घालायचं. मोठ्या आचेवर ब्रेड करपतो आणि आत चीज घट्टच राहतं. सोमवारच्या मानानं यापेक्षा सोपं काही मला माहीत नाही.

ग्वाकामोलीचा, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोच्या चटणीचा, दिवस 16 सप्टेंबर, तोच मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. यंदा गणपती 14 ला बसतात, म्हणजे हा दिवस गणपतीत येतो. घरी गणपती दीड दिवसाचा असेल तर विसर्जन झालेलं असेल. पाच दिवसांचा असेल तर बिनकांद्याचं करा, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. छान लागतं. सासू-सासरे तोवर परत गेलेले असतील, पण घरचा गणपती तर इथेच आहे. अ‍ॅव्होकॅडो मात्र चार-पाच दिवस आधी कडक बघून घ्या, केळ्याबरोबर कागदी पिशवीत ओट्यावर ठेवा, मऊ झाला की फ्रीजमध्ये. ऐनवेळी दुकानात गेलात तर दगड मिळतील नाही तर काळी पडलेली.

ऑक्टोबरचा पहिला मंगळवार टाकोचा, यंदा 6 तारीख. सुक्या उसळीचा टाको उत्तम होतो, फक्त उसळ रसदार नको, नाही तर टॉर्टिया, म्हणजे टाकोची मक्याची पोळी, फाटते. टॉर्टिया कोरड्या तव्यावर दोन्हीकडून गरम करून फडक्यात गुंडाळून ठेवा. वर बारीक चिरलेला कोबी, लिंबू, कोशिंबिरीचा टोमॅटो-कांदा. मुलांना एक गंमत सांगा: 'टाको ट्यूसडे' ही शब्दजोडी इथे खरोखर कोणाच्या तरी मालकीची होती. टाको जॉन्स या कंपनीकडे बाकी देशापुरता तिचा ट्रेडमार्क होता आणि आपल्या न्यू जर्सीपुरता समर्स पॉइंटच्या ग्रेगरीज या रेस्टॉरंटकडे. दोघांनीही 2023 मध्ये तो सोडला. माझ्या ओळखीच्या घरांत ही गोष्ट टाकोपेक्षा जास्त वेळा ऐकवली जाते.

त्याच महिन्यात दुसऱ्या शुक्रवारी जागतिक अंडी दिवस असतो, तो तुमच्या यादीतून कायमचा काढा. तो अनेकदा पितृपक्षात नाही तर नवरात्रात येतो. 2024 ला तो 11 ऑक्टोबरला, भर नवरात्रात होता. मुलांना अंडं आवडत असेल तर दुसऱ्या कुठल्याही सकाळी द्या.

3 नोव्हेंबरला सँडविचचा दिवस, यंदा मंगळवार, आणि मध्यावधी निवडणुकांचं मतदानही त्याच दिवशी. मतदानाला जाणार असाल तर घरी यायला उशीर. म्हणून रविवारी बटाटे आणि बीट उकडून ठेवा, हिरवी चटणी करून ठेवा. मुंबईच्या फुटपाथवरचं सँडविच पंधरा मिनिटांत. आणि वडापावचा म्हणून 23 ऑगस्ट फिरतो, यंदा रविवार आहे, तो तुमचा दिवस. तळणाची हौस कामाच्या दिवशी कधीच करू नका.

आता फ्रीजमधल्या अर्ध्या कार्टनांबद्दल. मी एक नियम पाळायला सांगते: एका दिवसासाठी नवी वस्तू एकच आणायची, आणि ती दुसऱ्यांदा कुठे संपणार हे दुकानात जायच्या आधी ठरलेलं हवं. टॉर्टिया आणल्या तर परवाच्या डब्यात फ्रँकी. सावर क्रीम उरलं तर काकडीच्या कोशिंबिरीत दह्याऐवजी, मीठ जपून. तुमच्याकडे आत्ता जे बटरमिल्क आहे त्याची कढी करा. इथलं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा दाट आणि आंबट असतं, म्हणून निम्मं पाणी घाला आणि बेसन गॅसवर ठेवायच्या आधीच घोटून घ्या. मग मंद आचेवर ढवळत राहा, फुटणार नाही. दुसरा उपयोग सुचत नसेल तर ती वस्तू आणायचीच नाही. पदार्थ थोडा खोटा झाला तरी चालेल.

सासूबाईंचं 'थेरं' म्हणणं मला मनापासून मान्य आहे, अर्धं तरी. यातले निम्मे दिवस माल खपवायला काढलेले आहेत. पण खाण्याला दिवस नेमून देणं ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. स्वीडनमध्ये दर गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि मागून पॅनकेक ही जुनी रीत आहे. अर्जेंटिनात दर महिन्याच्या 29 तारखेला न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, खातात आणि ताटाखाली नोट ठेवतात, पैसा यावा म्हणून. आणि आपल्याकडे तर विचारूच नका. नारळी पौर्णिमेला नारळीभात, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे, कोजागरीला आटीव दूध. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून उकडलेली दिंडं.

त्या कॅलेंडरवर हे दिवसही लिहा, आणि ते सासूबाईंना लिहू द्या. त्यांच्या दिवसाचा मेनू त्या ठरवतील, त्या दिवशी मुलांना पर्याय नाही, जसा चिलीच्या दिवशी त्यांना फारसा नव्हता. यंदाची भोगी 13 जानेवारीला मंगळवारी होती, ती गेली, पण पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवा. आठवड्याच्या मधल्या रात्रीसाठी भोगीसारखं जेवण शोधून सापडणार नाही. गाजर, वांगं, वालपापडी, मटार, ओला हरभरा, तिळाचं कूट, सगळं एका कढईत. ओला हरभरा आणि पापडी इथल्या भारतीय दुकानांच्या फ्रीझरमध्ये सोललेली मिळते, म्हणजे निवडण्याचा वेळही वाचतो. बाजरीची भाकरी जमत नसेल तर मुगाची खिचडी. मुलांच्या शाळेत 'आमच्याकडे काल भोगी होती' हे सांगायला मिळतं, त्याची त्यांना ऐट असते.

तुम्ही विचारलंय की वर्षाचं कॅलेंडर फ्रीजवर ठेवू की काढू. काढा. मुलांना रोजचा दिवस दिसत राहिला की रोज मागणी होणार. त्याऐवजी महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलांना बसवून पुढच्या महिन्याचे दिवस वाचून दाखवा, खोडाखोड त्यांच्यासमोर करा, आणि उरलेल्यांतून मुलीनं एक, मुलानं एक, आजीनं एक आणि तुम्ही एक असे निवडा. तेवढेच चार कागदावर. वार तपासायला विसरू नका. तीच तारीख दरवर्षी एक वार पुढे सरकते, लीप वर्षात मार्चपासून दोन, त्यामुळे गेल्या वर्षीची यादी यंदा तशीच चालत नाही. त्या दिवशी कोणी आजारी असलं किंवा मीटिंग लांबली तर दिवस गाळायचा, भरपाई नाही.

मार्चची यादी करताना दोन गोष्टी बघा. 14 तारखेचा पाय डे, म्हणजे गणितातल्या पायचा (3.14) दिवस, शनिवारी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियममध्ये लॅरी शॉ यांनी 1988 मध्ये तो सुरू केला, तारीख 3/14 लिहितात म्हणून. पाय नावाच्याच इथल्या गोड पदार्थाच्या नादी न लागता गोल थालीपीठ लावा आणि मुलाच्या हातात दोरा द्या. कडेनं एकदा मापायचं, मधून एकदा, आणि भागाकार करायचा; तीनच्या जरा वर यायला हवं. हातानं थापलेलं असल्यानं नेमकं येणार नाही, त्यावर आजी-नातवाचं जे चालेल ते चालू द्या. आणि 30 मार्चचा इडली दिवस सोमवारी आहे. तो चेन्नईच्या एका इडलीवाल्यांनी 2015 मध्ये सुरू केला. डाळ-तांदूळ शनिवारी रात्री भिजवा, रविवारी सकाळी वाटा, आणि ओव्हनचा दिवा लावलात की दारावर चिठ्ठी चिकटवा, नाही तर कोणीतरी पिझ्झा गरम करायला ओव्हन सुरू करेल.